सहीनिशी तक्रार

शरणबसव ट्रान्सपोर्टवाला मंगलला तीन वर्षं 'अक्का' म्हणत होता. ज्या दिवशी त्यानं 'अक्का' म्हणायचं सोडलं, त्या दिवशी तिला कळलं की हा माणूस आता पैसे देणार नाही.

हुमनाबादहून हैदराबादकडं निघालं आणि ढाब्यांची रांग संपली की डाव्या हाताला मंगल आणि राजपालचं यार्ड लागतं. तिथं लॉरीच्या बॉड्या बांधतात. कंपनीतून गाडी येते ती नुसती पुढची केबिन आणि मागचा उघडा सांगाडा घेऊन. त्यावर लोखंडी चॅनेल, पत्रा आणि कडेचे उघडझाप करणारे फालके चढवून राजपाल ती रस्त्यावर उतरवायचा. त्याचा हात इतका साफ होता की झहीराबादच्या पलीकडून गाड्या यायच्या. पण काम झाल्यावर पैसे मागायची वेळ आली की हा माणूस खाली बघून हातमोजे झटकत बसायचा. म्हणून बिलं, स्टीलवाल्याचा हिशेब, टॅक्सचे कागद, सगळं मंगल बघायची. यार्डही तिच्याच नावावर होतं. बँकेनं कर्ज बाईच्या नावावर दिलं होतं.

दोन हजार बावीसच्या एप्रिलात शरणबसवनं दोन दहाचाकी गाड्या बांधून घेतल्या. बिल सात लाख साठ हजारांचं झालं, त्यातले साडेतीन त्यानं आधी दिले होते. अकरा एप्रिलला तो गाड्या न्यायला आला, तेव्हा मंगल मुलीच्या शाळेत गेली होती. राजपालनं बिलावर त्याची सही घेतली आणि चाव्या देऊन टाकल्या. चार लाख दहा हजार बाकी राहिले. पंधरा दिवसांत देतो म्हणाला, असं राजपालनं सांगितलं. मंगल त्याच्यावर चिडली, पण गाड्या गेल्या होत्या.

पंधरा दिवसांचे सहा महिने झाले. मग तुरीचा हंगाम आला, गेला. कधी टायर घ्यायचे होते, कधी इन्शुरन्स भरायचा होता, कधी भावकीत लग्न. शरणबसव कधी रागावला नाही, कधी फोन चुकवला नाही. मंगलनं मेसेज केला की पाच मिनिटांत तो फोन करायचा, "अक्का, पैसे कुठं पळून जायलेत?" म्हणायचा, राजपालची आणि पोरीची चौकशी करायचा. लिहून मात्र एक अक्षर पाठवायचा नाही. तेव्हा तिला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट बरा माणूस आहे, फोन तरी करतो, असंच वाटायचं.

स्टीलवाला मात्र फोनवर गोड बोलणारा नव्हता. त्याचे पैसे देण्यासाठी मंगलनं पाटल्या मोडल्या. सराफाच्या दुकानातून बाहेर पडताना तिनं ठरवलं की आता फोन बास.

दोन हजार चोवीसचा नोव्हेंबर होता. सकाळी स्वयंपाक उरकून, डबा घेऊन ती शरणबसवच्या ऑफिसात गेली आणि दारासमोरच्या कट्ट्यावर बसली. भांडली नाही, ओरडली नाही. कुणी विचारलं तर सांगायची, माझे चार लाख दहा हजार यायचेत, त्याची वाट बघायले. दुसऱ्या दिवशीही गेली, तिसऱ्याही. ऑफिसात भाडं ठरवायला येणारे व्यापारी तिच्याकडं बघून आत जायचे आणि आत गेल्यावर शरणबसवला विचारायचे. तिसऱ्या दिवशी नागनाथ नावाच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरनं तिला प्लास्टिकची खुर्ची आणून दिली आणि चहा पाजला. शरणबसव काचेतून बघत होता. सहाव्या दिवशी तो बाहेर आला, खुर्ची लाथेनं सरकवून गेला.

सातव्या दिवशी मंगलला ठाण्यातून फोन आला.

राजपालला तिनं सांगितलं की टॅक्सच्या कामाला बिदरला जाते. ठाण्यात तिला अकरापासून बाकावर बसवून ठेवलं. चारच्या सुमाराला ठाण्याची लिखापढी बघणाऱ्या हवालदारानं, रायटरनं, तिला टेबलाजवळ बोलावलं आणि शरणबसवनं दिलेली तक्रार वाचून दाखवली. तक्रार कन्नडमध्ये होती. मंगलला कन्नड मराठीइतकीच कळायची. त्या दिवशी कळली नसती तर बरं झालं असतं. ही बाई रोज ऑफिससमोर येऊन बसते, ड्रायव्हर लोकांशी सलगी करते, त्यांच्याकडून चहापाणी घेते, हिची चालचलणूक बरी नाही, हिच्यामुळं माझ्या धंद्याची बेइज्जती होते, असं त्यात होतं. मागं दोन कॉन्स्टेबल आणि मोटरसायकल चोरीला गेलेला एक माणूस उभा होता. तिघंही ऐकत होते.

रायटर वाईट माणूस नव्हता. म्हणाला की कशाला बाईमाणसानं अशा भानगडीत पडायचं, परत त्याच्या ऑफिसला जाणार नाही म्हणून लिहून द्या आणि घरी जा. मंगलनं लिहून दिलं. अंगठा उमटवावा तशी खाली मान घालून सही केली आणि बाहेर येऊन बसस्टँडच्या नळावर तोंड धुतलं.

घरी तिनं एवढंच सांगितलं की तिथं बसून काही होत नाही. राजपाल म्हणाला, मी म्हणत नव्हतो का, मोठ्या लोकांशी वैर नको. त्या दिवसाबद्दल तिनं कुणालाच सांगितलं नाही.

मार्चमध्ये शरणबसवनं आपणहून फोन केला. झालं गेलं विसरून जा म्हणाला. "एप्रिलच्या चौदाला तुमची जयंती असतीया. तुमची गडबड ऱ्हाईल. ती झाली की दुसऱ्या दिवशी या अक्का, सगळे देऊन टाकतो."

जयंती झाली. पंधरा तारखेला सकाळी मंगलनं फोन लावला. पलीकडून आधी कोण म्हणून विचारणा झाली. तिनं नाव सांगितलं, यार्ड सांगितलं, रक्कम सांगितली.

"कसले पैसे?" शरणबसव म्हणाला. "कोर्टात जावा की बाई. अकराला तीन वर्षं झाली. एखाद्या वकिलाला इचारा, मुद्दत सरली म्हंजे काय व्हतंय ते."

आणि फोन ठेवला.

नेत्रावती वकीलबाई बसवकल्याणच्या एका लिंगायत घरातल्या. वय तिशीच्या आतबाहेर, हुमनाबादच्या कोर्टासमोर एका झेरॉक्सच्या दुकानामागं त्यांची खोली होती. मंगलनं बिल त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी तारीख बघितली, भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं आणि बिल परत मंगलकडं सरकवलं.

कामाचे पैसे राहिले तर तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो, त्या म्हणाल्या. एक दिवस जास्त झाला तरी कोर्ट दावा काढून टाकतं, समोरच्यानं हरकत घेतली नाही तरी. मधल्या काळात त्यानं बाकी कबूल म्हणून काही लिहून दिलं होतं का? चिठ्ठी, मेसेज, खात्यावर सही, काहीही?

काही नव्हतं. मंगलनं मोबाइल काढून तीन वर्षांचे मेसेज दाखवले. सगळे तिचे होते.

"म्हंजे तीन वर्षं फसवलं की देणं संपतंय?" मंगल म्हणाली. "माझं स्टीलवाल्याचं न्हाई संपलं. मी पाटल्या मोडून दिले."

"देणं संपत न्हाई अक्का. तुमचं म्हणणं ऐकायचं कोर्टाचं दार तेवढं बंद व्हतंय."

"एकच की ते."

नेत्रावतींनी त्यावर वाद घातला नाही. त्यांना तिची चीड आली होती; अशी माणसं दर महिन्याला यायची, मुदत गेल्यावर. इतके दिवस तुम्ही स्वस्थ कशा बसलात, असं त्यांनी जरा तिखटपणे विचारलं. मंगलनं सांगितलं की स्वस्थ बसले नाही, सहा दिवस त्याच्या दारात बसले होते.

"मग बसायचं कामून सोडलंत?"

मंगल उठली. बिल घडी करून पिशवीत घातलं, दारापर्यंत गेली. तिथून परत आली, दार लावून घेतलं आणि उभ्यानंच ठाण्यातला दिवस सांगितला. तक्रारीतली वाक्यं सांगताना ती भिंतीकडं बघत होती. तिचं सांगून झाल्यावर वकीलबाईंनी हळूच विचारलं की तक्रारीची सुरुवात कशी होती. मंगलला ते नीट आठवत नव्हतं. ही बाई कोण, कशाला येते, असं काहीतरी होतं.

"कशाला येते म्हणून लिवलं व्हतं? आठवा."

"माझे बॉडीचे पैसे द्यायचे हायत म्हणून. सवडीनं देतो म्हणलं तरी ऐकत न्हाई म्हणून."

"आकडा?"

"चार लाख दहा हजार. रायटरनं आकडा दोनदा वाचला."

"खाली सही?"

"असलंच की. सहीशिवाय तक्रार कोण घेतंय?"

नेत्रावतींनी तिला खुर्चीवर बसवलं.

माहितीच्या अधिकारात अर्ज करून ती तक्रार हातात यायला दोन महिने लागले. पहिल्यांदा कागद सापडत नाही असं उत्तर आलं. वकीलबाईंनी अपील केलं, तेव्हा सापडला. रजिस्टर पोस्टाचं पाकीट यार्डात आलं त्या वेळी राजपाल केबिनखाली पडून वेल्डिंग करत होता. मंगलनं पाकीट घेऊन थेट आतल्या खोलीतल्या कपाटात ठेवलं. तक्रारीवर एकवीस नोव्हेंबर दोन हजार चोवीस अशी तारीख होती. शेवटी शरणबसवनं वडिलांच्या नावासकट पूर्ण सही ठोकली होती.

ऑगस्टमध्ये दावा लागला. स्टॅम्पच्या पैशांसाठी मंगलनं गॅस कटरचा जुना सेट विकला. समन्स घेऊन गेलेल्या बेलिफाला शरणबसव दोनदा घरी सापडला नाही. तिसऱ्यांदा बेलिफानं समन्स दाराला चिकटवून टाकलं. सोबत कागदांची यादी होती. त्यातली पाचवी नोंद, स्वतःचीच तक्रार, वाचल्यावर शरणबसवला सगळं कळलं असावं, कारण आठच दिवसांत नागनाथ ड्रायव्हर यार्डात आला. खुर्ची देणारा तोच. मान वर न करता त्यानं निरोप सांगितला: तो कागद यादीतनं काढा, मालक एक लाख देतात. नाही काढला तर मालकांचा वकील भर कोर्टात वरून खालपर्यंत वाचणार आहे आणि गावात त्याच्या झेरॉक्स वाटणार आहे.

मंगलनं त्याला पाणी दिलं आणि मालकाला सांगायला सांगितलं की झेरॉक्स काढायच्या असतील तर खालची सही नीट दिसेल अशा काढा.

नागनाथ गेल्यावर राजपालनं विचारलं, कसला कागद. कोर्टातला एक कागद आहे, ती म्हणाली. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं हे तिलाही कळत होतं. पण दहा महिने गिळलेली गोष्ट तोंडात येईना.

शरणबसवच्या वकिलानं अर्ज दिला होता की दावा मुदतबाह्य आहे, सुरुवातीलाच फेटाळावा. डिसेंबरात त्यावर सुनावणी लागली. एरवी राजपाल मंगलला गाडीवर सोडून चहाच्या टपरीवर थांबायचा. त्या दिवशी टपरी बंद होती, म्हणून तो आत येऊन मागच्या बाकावर बसला. मंगलनं त्याला बघितलं तेव्हा पुकारा झाला होता.

नेत्रावतींनी तक्रारीतलं पहिलंच वाक्य दाखवलं. समोरचा वकील उठून म्हणाला की एक वाक्य तोडून दाखवणं बरोबर नाही, कागद पूर्ण वाचला पाहिजे, म्हणजे ही बाई कशी आहे ते कोर्टाच्या लक्षात येईल. आणि त्यानं वाचला. त्याचा आवाज मोठा होता. ड्रायव्हर लोकांशी सलगी, चालचलणूक बरी नाही, सगळं एकेक शब्द सुटा करून. त्या दिवशी चाळीसेक माणसं तरी आत होती. मंगल टेबलाच्या कडेला उभी होती. पाठीमागं राजपालच्या दिशेला ती वळली नाही. शरणबसव पुढच्या खुर्चीवर पाय पसरून बसला होता आणि वळून तिच्याकडंच बघत होता.

वाचून झालं. नेत्रावती उठल्या. पूर्ण वाचल्याबद्दल त्यांनी समोरच्या वकिलांचे आभार मानले आणि पहिलं वाक्य पुन्हा वाचलं: मंगल राजपाल यांचे लॉरी बॉडीचे चार लाख दहा हजार रुपये मी देणे आहे. मुदत सरायच्या आत माणसानं देणं आहे असं सहीनिशी लिहून दिलं, तर त्या तारखेपासून तीन वर्षं नव्यानं मोजतात, त्या म्हणाल्या. ते कुणाच्या नावानं लिहिलं याला कायद्यात महत्त्व नाही. ज्याचे पैसे द्यायचे त्याला लिहिलं काय, पोलिसाला लिहिलं काय. देणार नाही म्हणून लिहिलं तरी चालतं, देणं कबूल असलं की झालं. ही मुदत दोन हजार सत्तावीसच्या नोव्हेंबरात सरते.

न्यायाधीशांनी शरणबसवला उभं केलं आणि ही सही तुमचीच का म्हणून विचारलं. त्यानं वकिलाकडं बघितलं. वकील कागद चाळत होता. नाही म्हणावं तर तक्रार खोटी ठरणार, हे न कळण्याइतका शरणबसव खुळा नव्हता. माझीच आहे, तो म्हणाला.

निकाल पुढच्या तारखेला ठेवला. बाहेर व्हरांड्यात राजपाल खांबाला टेकून उभा होता. शरणबसव त्याच्या जवळून जाताना थांबला.

"ऐकलास न्हवं राजपाल? सगळ्या गावानं ऐकलं."

राजपालनं आयुष्यात कुणावर हात उचलला नव्हता. त्या दिवशी त्यानं शरणबसवची कॉलर धरायला हात पुढं केला. मंगल दोघांच्या मध्ये शिरली, तिच्या हातातली फाइल खाली पडली.

"हात लावू नका," ती राजपालला म्हणाली. "त्यानं रागात एक कागद लिवला म्हणून आज आपण हितं उभारलाव. तुम्ही हात उचलून त्याला आपल्याविरुद्ध कागद देऊ नका."

शरणबसव हसल्यासारखं करून निघून गेला. फाइलमधले कागद तिनं एकटीनंच गोळा केले.

राजपाल तीन दिवस तिच्याशी बोलला नाही. यार्डात काम करायचा, जेवायचा, झोपायचा. चौथ्या दिवशी जेवताना त्यानं ताट पुढं सरकवलं.

"ठाण्यात मला कामून नेलं न्हाईस?"

"तुम्ही त्याची माफी मागितली असती," मंगल म्हणाली.

ते खरं होतं, आणि दोघांनाही माहीत होतं. राजपाल हात धुऊन उठला. पण पुढच्या तारखेला आणि त्यानंतरच्या प्रत्येक तारखेला तो आत आला आणि मागच्या बाकावर नाही, तिच्या शेजारी बसला.

शरणबसवचा अर्ज जानेवारीत फेटाळला गेला. कोर्टानं दोघांना समेटाचं बघा म्हणून सांगितलं. शरणबसव मूळ रक्कम द्यायला तयार झाला, एका अटीवर: ऑफिससमोर बसून बदनामी केली याबद्दल मंगलनं लेखी माफी मागायची. नेत्रावतींनी तिला प्रामाणिक सल्ला दिला, पैसे हातात येतात, विचार करा. मंगलनं विचार केला नाही. माफी मागायची असेल तर त्यानं मागावी आणि नाही मागितली तरी चालेल, मला व्याजासकट निकाल पाहिजे, ती म्हणाली. शरणबसवनं ते ऐकून तिला तिच्या तोंडावर कन्नडमध्ये एक शिवी दिली. ती तिला कळली, वकीलबाईंना कळली, शिरस्तेदारालाही कळली.

पावसाळ्याच्या तोंडावर निकाल लागला. मुद्दल, वर सहा टक्के व्याज, दाव्याचा खर्च. शरणबसव बिदरच्या कोर्टात अपिलात गेला. तिथं निम्मी रक्कम भरल्याशिवाय स्थगिती मिळाली नाही. ती त्यानं शेवटच्या दिवशी भरली, कोर्टातून मंगलनं उचलली. उरलेल्या निम्म्यासाठी बिदरच्या तारखा चालू आहेत.

यार्डाला या सगळ्याची किंमत मोजावी लागली. शरणबसवच्या सांगण्यावरून सात-आठ ट्रान्सपोर्टवाल्यांनी गाड्या पाठवायच्या बंद केल्या. दोन कामगार सोडून गेले. आता राजपाल जास्त करून राजेश्वर, मुडबी या गावांकडच्या लोकांच्या ट्रॅक्टर ट्रॉल्या बांधतो. त्यात लॉरीइतकं सुटत नाही.

गेल्या महिन्यात मुडबीचे गुरुलिंग अप्पा ट्रॉली न्यायला आले होते. दहा वर्षांचं गिऱ्हाईक. अठ्ठावीस हजार बाकी होते, पुढच्या महिन्यात देतो म्हणाले. मंगलनं बिलाच्या मागं एक ओळ लिहिली, त्यांच्यासमोर पेन ठेवलं आणि इथं बाकी मान्य म्हणून तारीख घालून सही करा म्हणाली.

अप्पांनी राजपालकडं बघितलं. "माझ्यावर इश्वास न्हाई व्हय रे?"

राजपालनं हातमोजे काढले. मंगलला वाटलं, आता हा मागल्यासारखी ट्रॉली तशीच देऊन टाकणार.

"सही करा अप्पा," राजपाल म्हणाला.

अप्पांनी सही केली. कागदाला भोक पडेल इतक्या जोरात. मग ट्रॉली जोडून, राम राम न घेता, ते यार्डातून बाहेर पडले. परत आपल्याकडं काम आणतील असं दोघांनाही वाटत नाही.